पदक जर्मनीचे, पुस्तक कलकत्त्याचे : गणितज्ञ लेव्ही

लाइपझिग विद्यापीठातील गणितज्ञ फ्रीडरिश विल्हेल्म लेव्ही पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्यात लढले होते. ‘आयर्न क्रॉस’चे मानकरीही होते. १९३३ साली ज्यूंना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा झाला, तेव्हा आघाडीवर लढलेल्यांना त्यातून वगळले गेले. ही सवलत जेमतेम २ वर्षे टिकली. १९३५ मध्ये लेव्हींना पदच्युत करण्यात आले आणि कलकत्ता विद्यापीठाचे निमंत्रण स्वीकारून ते भारतात आले.

तेथे ते गणित विभागाचे प्रमुख झाले. युरोपात दुसरे महायुद्ध पेटल्यावर काही महिन्यांतच, १९४० मध्ये, त्यांनी परिमित भूमितीवर व्याख्याने दिली. त्यांतील एक कल्पना विद्यार्थ्यांनी वहीत रेखाटून पाहावी अशी आहे. ७ बिंदू आणि ७ रेषा घ्या. प्रत्येक रेषेवर ३ बिंदू, प्रत्येक बिंदूतून ३ रेषा. आता प्रत्येक बिंदूसाठी एक ठिपका काढा आणि प्रत्येक रेषेसाठीही एक ठिपकाच काढा. बिंदू त्या रेषेवर असेल, तरच ते दोन ठिपके जोडा. १४ ठिपके, २१ जोडण्या! रेषा आणि बिंदू यांतील भेद विरून भूमितीचा प्रश्न आलेखाचा होतो. इतकी साधी युक्ती, पण ती सुचावी लागते.

व्याख्यानांचे पुस्तक कलकत्ता विद्यापीठाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षअखेरीस शहरावर जपानी बाँब पडले; पुढचे वर्ष बंगालच्या दुष्काळाचे. अशा काळात छापलेली ही कल्पना पुढे कॉक्सेटर यांनी १९५० च्या लेखात ‘लेव्ही आलेख’ या नावाने रूढ केली.

लेव्हींच्या सहवासाचा लाभ झालेल्यांत राजचंद्र बोस होते. बोस यांचे शिष्य शरदचंद्र श्रीखंडे हे सागरला जन्मलेले, नागपुरात शिकलेले. रायपूर, सागर, नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताचीच शहरे. या गुरुशिष्यांनी १९५९ मध्ये २२ × २२ चा चौरस रचून ऑयलरचे १७८२ पासूनचे अनुमान खोटे ठरवले.

लेव्ही मात्र १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते आणि १९५२ मध्ये बर्लिनला परतले. ज्या देशाने त्यांना नाकारले होते, तेथेच ते पुन्हा प्राध्यापक झाले.