पिठातली कच

धातूंच्या भुकटीवर संशोधन करतो असे सांगितले की आपली माणसे हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे नेमके काय?" आणि दुसरा, "चांगला धातू वितळवून ओतायचा सोडून त्याचे पीठ कशाला करायचे?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. धातूची बारीक भुकटी घ्यायची, साच्यात दाबायची आणि वितळणार नाही इतपत तापवायची. कण एकमेकांना चिकटून एकजीव होतात. यालाच सिंटरिंग म्हणतात. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र दोनशे वर्षे मागे जावे लागते.

आमच्या विषयाच्या पुस्तकांत पहिल्या दोन-चार पानांत दिल्लीचा लोहस्तंभ हटकून भेटतो. न वितळवता मिळालेले लोखंडाचे सच्छिद्र गोळे तापवून, ठोकून जोडले, म्हणून तो या तंत्राचा पूर्वज, असा युक्तिवाद. परदेशी पुस्तकात हे वाचून ऊर भरून येतो खरा, पण मला ते जरा ओढूनताणून वाटते. गोळे म्हणजे पीठ नव्हे. असो.

पिठाची खरी गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, विल्यम हाइड वोलास्टनपासून. हा मुळात डॉक्टर. १८०० साली त्याने वैद्यकी सोडली आणि स्मिथसन टेनंट या मित्राबरोबर भागीदारीत दक्षिण अमेरिकेतून आलेले प्लॅटिनमचे खनिज विकत घेतले, तेही थोडेथोडके नव्हे, सुमारे ६००० औंस! प्लॅटिनमची तेव्हा पंचाईत अशी होती की ते १७६८ अंश सेल्सियसला वितळते आणि त्या काळच्या भट्ट्या तिथवर पोचत नसत. पॅरिसचे कारागीर त्यात आर्सेनिक मिसळून ते वितळवत आणि मग आर्सेनिक जाळून काढत. जीवघेणा उद्योग, आणि एवढे करून धातू पुष्कळदा ठिसूळच.

वोलास्टनने वितळवण्याचा नादच सोडला. खनिज अम्लराजात विरघळवायचे, नवसागर घालून त्याचा साका खाली बसवायचा, तो हलक्या आचेवर तापवला की राखाडी स्पंजासारखे प्लॅटिनम उरते. त्याची भुकटी करून, पाण्याने धुऊन, ओली असतानाच पितळी नळीत भरून तरफेच्या दाबयंत्राने दाबायची, वाळवायची, कोळशाच्या भट्टीत जमेल तितकी तापवायची आणि गरम असतानाच हातोड्याने ठोकायची. यातून मिळालेल्या धातूच्या तारा निघत, पत्रे निघत.

मला या कृतीत सर्वांत आवडते ती खलबत्त्याची सूचना. भुकटी हातांनी चोळावी, आणि उरलेली ढेकळे लाकडी भांड्यात लाकडी बत्त्याने मोडावीत. कठीण बत्ता वापरला तर कण घासून चकचकीत होतात आणि चकचकीत झालेले कण एकमेकांना धरत नाहीत. शिवाय बाहेरचा कचरा त्यात जाता कामा नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येण्याच्या शंभरेक वर्षे आधी या माणसाला कळले होते की या धंद्यात सगळा खेळ कणाच्या पृष्ठभागाचा आहे.

पण हे त्याने सांगितले कधी? अठ्ठावीस वर्षांनी! तोवर त्याच्या प्लॅटिनमचे बंदुकीचे कान आणि गंधकाम्ल आटवायची भांडी विकली जात होती आणि कृती गुलदस्त्यात होती. प्रयोगशाळेत तो कुणाला येऊ देत नसे. एका पाहुण्याने फारच आग्रह धरला तेव्हा त्याने एका ट्रेमध्ये चार किरकोळ वस्तू आणून दाखवल्या आणि "हीच माझी प्रयोगशाळा" म्हणाला, अशी आख्यायिका आहे. त्याच खनिजातून निघालेला पॅलेडियम हा नवा धातू त्याने १८०३ साली निनावी जाहिरात काढून सोहोच्या एका दुकानात विकायला ठेवला होता. चेनेव्हिक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो विकत घेतला आणि हा धातू नसून प्लॅटिनम-पाऱ्याची भेसळ आहे, असा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. वोलास्टन गप्प. १८०५ मध्ये त्याने खुलासा केला. नोव्हेंबर १८२८ मध्ये प्लॅटिनमची पूर्ण कृती रॉयल सोसायटीत वाचली गेली आणि डिसेंबरात वोलास्टन वारला. व्यापारी म्हणून त्याचे बरोबर असेल, पण विज्ञानाची यात अठ्ठावीस वर्षे गेली असे मला वाटते. (ज्यांनी प्रायोजकाच्या गुप्ततेच्या करारावर सही करून प्रबंध लिहिला आहे, त्यांना या विषयावर जास्त बोलायचा अधिकार नाही, हेही खरे.)

पुढची अवघड गाठ टंगस्टनची. वितळणबिंदू ३४२२ अंश. दिव्याची तार म्हणून याच्यासारखा धातू नाही, पण तो इतका ठिसूळ की तार ओढायची म्हटली की तुकडे. अमेरिकेत शेनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिजने १९१० च्या सुमारास हा प्रश्न सोडवला. भुकटी दाबून कांडी करायची, तिच्यातूनच वीज सोडून ती तापवायची आणि मग गरम ठोकत, ओढत बारीक करत जायची. बहुतेक धातू ठोकले की ताठर होत जातात. टंगस्टन मात्र नीट तापवून ठोकत गेले की उलट लवचिक होते. त्याला १९१३ साली पेटंट मिळाले. १९२८ साली न्यायालयाने ते रद्द केले. लवचिकपणा हा टंगस्टनचा निसर्गदत्त गुण, तो शोधून काढला म्हणून कुणाच्या मालकीचा होत नाही, असे काहीसे कारण.

आता गंमत बघा. ही तार दिव्यात काही काळाने लोंबू लागे. असे सांगतात की लंडनच्या बॅटरसीमध्ये बनलेल्या मातीच्या मुशींत भाजलेल्या टंगस्टनची तार कमी लोंबते, असे कूलिजच्या ध्यानात आले. म्हणजे मुशीतले काहीतरी धातूत उतरत होते आणि ते उपकारक ठरत होते. पुढे पोटॅशियमची संयुगे मुद्दाम घालू लागले. ती असली की तारेत पोटॅशियमचे अतिसूक्ष्म बुडबुडे ओळीने राहतात आणि धातूचे स्फटिक सरकू देत नाहीत, हे कळायला आणखी अर्धे शतक गेले.

मधल्या काळात भुकटी घरोघर पोचली. जुन्या टेबलफॅनमधला तेल प्यायलेला पितळी रंगाचा बुश आठवतो का? तोही भुकटीचाच. त्याची छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, तेल त्यांतच मुरते.

आणि आता माझा प्रांत, जेट इंजिन. टर्बाइनची पाती ज्या चकतीवर बसतात ती चकती मिनिटाला दहा-दहा हजार फेरे घेते. एखादे पाते तुटले तर इंजिनाचे कवच ते अडवू शकते. चकती फुटली तर कवचाचा उपयोग नाही. म्हणून ती फुटताच कामा नये. या चकत्यांच्या निकेल-मिश्रधातूत दहा-बारा मूलद्रव्ये असतात. त्याचा मोठा ठोकळा ओतला तर तो सावकाश गोठतो आणि गोठताना मूलद्रव्ये वेगळी होतात, म्हणजे मध्यभागी एक मिश्रण आणि कडेला दुसरे. धातू जितका बलवान करावा तितका हा त्रास वाढतो. मग वितळलेल्या धातूच्या धारेवर आर्गॉन वायूचा झोत मारून तिचे तुषार करायचे. प्रत्येक तुषार क्षणात गोठतो, वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. ही भुकटी पोलादी डब्यात भरून, हवा काढून, हजारेक वातावरणांच्या दाबाखाली तापवायची. ही दाबून शिजवायची पद्धत अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत १९५५ साली अणुइंधनाच्या कामासाठी निघाली होती. सत्तरच्या दशकात एफ-१५ विमानाच्या इंजिनात अशा भुकटीच्या चकत्या आल्या.

पण जात्याला नवी टाकी लावली की पहिल्या दळणाला कच येते, हे ज्यांच्या घरी जाते होते त्यांना माहीत असेल. इथेही तसेच. धातू वितळतो त्या मुशीचा, तो ओतला जातो त्या नळीचा चिनीमातीसारखा कण भुकटीत उतरतो. ठोकळ्यात तो तरंगून वर येण्याची शक्यता तरी असते; भुकटीत जिथे पडला तिथेच राहतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. सप्टेंबर १९८० मध्ये फार्नबरोचे प्रदर्शन आटोपून निघालेले एक एफ-१८ विमान हॅम्पशायरमध्ये कोसळले. इंजिनातली कमी दाबाच्या टर्बाइनची भुकटीची चकती फुटली होती. वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचले. ती चकती नुसती दाबून शिजवलेली होती. त्यानंतर भुकटीचा ठोकळा आधी अरुंद तोंडातून रेटून काढायचा आणि मग घडवायचा, हा मार्ग रूढ झाला, कारण रेटताना कणांवरचे पापुद्रे फुटतात. चाळण्याही बारीक झाल्या. ५३ मायक्रॉनची चाळणी आता नेहमीची झाली आहे. माणसाचा केस साधारण त्याहून जाड असतो.

एवढे होऊनही २०२३ आले. प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ कंपनीने त्या वर्षी जाहीर केले की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत बनवलेल्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी होती. आधी इशारे मिळाले होतेच: मार्च २०२० मध्ये एका एअरबस ए३२१ च्या इंजिनातली चकती फुटून तुकडे आवरणाबाहेर आले होते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एका ए३२०निओच्या संपीडकातली चकती तुटून उड्डाण थांबवावे लागले होते. सहाशे ते सातशे इंजिने विमानांवरून उतरवून तपासावी लागतील, आणि २०२४ ते २०२६ या काळात सरासरी ३५० विमाने जमिनीवर राहतील, असा कंपनीचाच अंदाज होता. २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरहून जास्त विमाने उभी होती. पुण्या-मुंबईच्या तिकिटांबद्दल तेव्हा फोनवर तक्रार करणाऱ्या नातेवाइकांना मी पिठातली कच समजावून सांगत बसलो होतो!

आमच्या क्षेत्रात यावर जे संशोधन चालते त्यातला एक प्रकार ऐकून लोक चक्रावतात. स्वच्छ भुकटीत मोजून-मापून कच मुद्दाम मिसळायची, तिचे नमुने घडवायचे आणि ते तुटेपर्यंत ताणायचे-सोडायचे. अमेरिकेच्या नासाने असे प्रयोग केले, तेव्हा कच असलेल्या नमुन्यांचे आयुष्य कितीतरी पटींनी घटले. कण पृष्ठभागावर उघडा पडला असेल तर तडा लवकर सुरू होतो, आत खोल असेल तर उशिरा. चकतीच्या पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून तो दाबून घेतात, त्याचे एक कारण हेच. खोलवरचा कण मात्र स्वनातीत ध्वनीने हुडकावा लागतो, आणि तो सरळ सोडून भागत नाही. तिरक्या कोनातूनही सोडावा लागतो, कारण चपटा कण ध्वनीला आपली कड दाखवून उभा असला तर सरळ झोताला तो दिसतच नाही. २०२३ नंतर उतरवलेल्या इंजिनांच्या चकत्या याच तिरक्या तपासणीसाठी रांगेत लागल्या.