व्हॉट्सअ‍ॅपवरचा दुहेरी बाण काय सांगतो?

मे 2023 मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगलीनंतर संचारबंदी लागली. अफवा थांबाव्यात म्हणून इंटरनेटही बंद झालं.

मेसेज किती फिरलाय, हे व्हॉट्सअ‍ॅप दुहेरी बाणानं दाखवतं. मूळ मेसेजपासून पाच किंवा अधिक फॉरवर्ड झाले की तो बाण येतो. ही मोजणी मेसेजसोबतच एन्क्रिप्ट होऊन जाते. मजकूर खरा की खोटा, हे कंपनी तपासत नाही. गोम वेगळीच आहे : तोच व्हिडिओ गॅलरीतून नव्यानं टाकला, की मोजणी पुन्हा शून्यावर! त्यामुळे बाण नसलेला व्हिडिओ जुना, भलत्याच गावचाही असू शकतो.