बोटावरचा आकडा

१५ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात कोरोनाविरुद्ध ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आमच्या आशाताईंच्या पिशवीत ऑक्सिमीटर आला. योगायोग असा, की त्याच दिवशी अ‍ॅपलने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे आपले पहिले घड्याळ जाहीर केले. ते घड्याळ आमच्या पुरुषोत्तमनगरात कुणाच्या मनगटावर नव्हते. ऑक्सिमीटर मात्र थोड्याच दिवसांत घराघरात ओळखीचा झाला. अंगावर लावून तब्येत पाहायच्या यंत्रांची आमच्या भागातली गोष्ट बोटाला लावायच्या या चिमट्यापासून सुरू होते. आशाताईंची गटप्रवर्तक म्हणून मी ती जवळून पाहिली आहे.

या चिमट्यामागची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, ते जपानचे अभियंते ताकुओ आओयागी. निहोन कोहदेन कंपनीत ते हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते, हे मोजायच्या खटपटीत होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती वेगाने विरळ होते ते पाहायचे, अशी पद्धत होती. नाडीचे ठोके त्यात अडथळा आणत. दोन रंगांचे प्रकाश वापरून त्यांनी तो अडथळा पुसून टाकला, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की ठोके पुन्हा उमटत. इथेच त्यांना सापडले: ठोक्याबरोबर हलते ते धमनीतले रक्त, म्हणजे त्या ठोक्यांवरूनच ऑक्सिजन मोजता येईल! १९७४ साली त्यांनी हे मांडले. आजही चिमट्यात एक लाल दिवा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा असतो, ते याचसाठी. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, जगभर लोक त्यांच्या यंत्रात बोट घालून बसले होते तेव्हा.

आमची वसाहत सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याभोवतीची. गाळप सुरू झाले की आजूबाजूच्या शेतांत ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. थंडीत पहाटेपासून तोडीला गेलेल्या माणसाचे बोट गार आणि राठ. त्यावर आकडा लवकर येतच नाही. आधी हात चोळायचा, हात स्थिर ठेवायला सांगायचे, मग वाट पाहायची. नखांना गडद रंग असेल तर दुसरे बोट घ्यायचे. म्हाताऱ्या बाया विचारत, “कितला उना व ताई?” ९५च्या खाली आला की पुढे पाठवायचे, हा नियम. पाठवायला जागा होती, हे आमचे भाग्य. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या काळात आमच्या नंदुरबार जिल्ह्याने हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प दुसऱ्या लाटेच्या आधीच उभे केले होते.

पण २०२०च्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो मला आजही अस्वस्थ करतो. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८पेक्षा कमी ऑक्सिजन असणे, हे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. गडद त्वचा प्रकाश जास्त शोषते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने वेगवेगळ्या वर्णांच्या पुरेशा माणसांवर यंत्रे तपासण्याच्या सूचनांचा मसुदा काढला. आमचे भिल्ल, पावरा भाऊबंद उन्हात राबणारे, सावळे-काळे लोक. यंत्र त्यांच्या बोटावर तपासून मगच त्यांच्या दारात पाठवावे, एवढे मागणे मला रास्त वाटते. घड्याळालाही तेच लागू, कारण तेही प्रकाशावरच चालते.

शिवाय इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्या रक्तात हा आकडा आणखी कमी भरवशाचा ठरतो. म्हणून आमच्या आशाताई सिकलसेलच्या रुग्णाचा आकडा तो धडधाकट असतानाच घेतात आणि वहीत तारखेसह लिहून ठेवतात. दुखणे उठले की त्याची तुलना ९५शी करण्याआधी त्याच्याच त्या जुन्या आकड्याशी करतात, आणि श्वासाला धाप दिसली तर आकडा कितीही चांगला असो, गाडी बोलावतात.