ग्रंथालय सेवा, ग्रामीण व शहरी (महाड–पोलादपूर)

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये बहुतेक सरकारी नाहीत. गावकऱ्यांनी संस्था नोंदवायची, जागा आणि पुस्तके जमवायची. मग शासन मान्यता व अनुदान देते. ही रीत महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 यातली असून तो 1 मे 1968 पासून लागू आहे. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये अकरा हजारांवर आहेत. मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्यात ग्रंथालय उपकर ठेवला. महाराष्ट्राने ठेवला नाही. साहजिकच इथल्या ग्रंथालयांचे डोळे अनुदानाच्या हप्त्याकडे लागलेले असतात.

अनुदान दर्जा (अ, ब, क, ड) आणि ठिकाण (जिल्हा, तालुका, इतर) पाहून ठरते. दर्जा एकच असला तरी तालुका ग्रंथालयाला ‘इतर’पेक्षा जास्त मिळते. बिरवाडी हे काळ नदीकाठचे गाव महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून, वरंध घाटाच्या वाटेवर आहे. शिवथरघळीकडे जाणाराही इथूनच जातो. आसपासच्या वाड्यांचा राबता असला तरी बिरवाडी तालुक्याचे ठिकाण नव्हे, म्हणून नियमांच्या लेखी ‘इतर’. पोलादपूरला तालुक्याचा मान आहे. वाचक कुठून किती चालत येतो, हे या हिशेबात कुठेच येत नाही.

‘ड’ वर्गाचा कारभार बहुधा एकटा ग्रंथपालच पाहतो, तोही तुटपुंज्या मानधनावर. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर झाली. पण 2012 नंतर नवी मान्यता व दर्जावाढ वर्षानुवर्षे थांबल्याने वाढू पाहणारी ग्रंथालये होती तिथेच राहिली. कोकणच्या पावसात पुस्तकांना बुरशी धरते, वाळवी लागते, ते वेगळेच.

शहरांचे भाग्य जुने. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. मुंबईच्या संस्थेने पुढे शहरभर शाखा काढल्या.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरपलीकडे गेले की भिलार लागते. 4 मे 2017 पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ आहे. घराघरांत बसून वाचण्याची ती सोय पाहुण्यांना छान; वाडीवरच्या माणसाला मात्र भातलावणी उरकल्यावर घरी वाचता येईल असे पुस्तक हवे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यात आणले, तेव्हा फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत पाठवण्याची व्यवस्था झाली. विखुरलेल्या वाड्यांच्या या मुलखाला तीच अधिक सोयीची ठरेल.