पुण्याच्या नावाचा जंतू

पुण्याच्या नावाने पगडी आहे, मिसळ आहे, आणि बॅडमिंटनलाही एके काळी साहेब लोक ‘पूना’च म्हणत. पण आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये हे नाव घेतलं जातं ते एका जंतूमुळे. त्याचं नाव साल्मोनेला पूना. इंग्रजांच्या काळात ठेवलेलं नाव आहे. शहराचं पूना जाऊन पुणे झालं, जंतू मात्र पूनाच राहिला.

2015 साली अमेरिकेत हा जंतू एकदम बातम्यांत आला. 40 राज्यांत मिळून 907 लोक जुलाब-तापाने आजारी पडले, सहा जण दगावले. कारण निघालं काकडी! तीही मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागातून आलेली. त्याआधी याच जंतूने तिथे खरबुजातून लोकांना आजारी पाडलं होतं, आणि लहान पोरांच्या पाळीव कासवांमधूनही. (म्हणून तर चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला अमेरिकेत 1975 पासून बंदी आहे.) या सगळ्यात पुण्याचा संबंध फक्त नावापुरता.

आता गंमत बघा. इतक्या दूरदूरच्या गावांतले 907 आजारी एकाच काकडीचे, हे कळलं कसं? जुलाब तर सगळ्यांचे सारखेच दिसतात. ते कळलं, कारण जंतूला नुसतं आडनाव नाही, स्वतःचं नावही आहे.

साल्मोनेला हे आडनाव. ते डॅनियल सॅल्मन या अमेरिकी जनावरांच्या डॉक्टरवरून पडलं. जंतू खरा शोधला त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने, 1885 च्या सुमारास, डुकरांच्या साथीचा अभ्यास करताना. नाव साहेबांचं लागलं, कष्ट हाताखालच्याचे. आपल्या ऑफिसांत काय वेगळं चालतं! पुढे कळलं की डुकरांची ती साथ मुळात विषाणूची होती, हा जंतू तिथे मागाहून शिरलेला.

पुढची पायरी महत्त्वाची. इंग्लंडचे ब्रूस व्हाइट आणि जर्मनीचे फ्रिट्झ काउफमन यांनी या घराण्याची वर्गवारी बसवली. काउफमन ज्यू वंशाचे. हिटलर आल्यावर कोपनहेगनला गेले आणि तिथून हे काम चालवलं. पद्धत अशी: सशाच्या रक्तातून तयार केलेलं सीरम काचपट्टीवर जंतूंमध्ये मिसळायचं. जुळलं तर गुठळ्या होतात, नाही जुळलं तर काही होत नाही. जंतूच्या अंगावरच्या आणि शेपट्यांवरच्या खुणा अशा एकेक करून ओळखायच्या. नवी जात सापडली की ती जिथे सापडली त्या गावाचं नाव द्यायचं. म्हणून डब्लिन, हायडेलबर्ग, पनामा, पूना. आज ही यादी अडीच हजारांच्या वर गेली आहे आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सांभाळली जाते.

कारकुनी काम वाटेल, पण त्याने केवढे गुन्हे उघडकीला आले! घानातल्या एका गावाच्या नावाची अगोना ही जात 1970 च्या आसपास अमेरिका, ब्रिटन, इस्रायल, नेदरलँड्स इथे एकदम वाढली. माग काढत गेल्यावर निघालं पेरूहून येणारं मासळीचं पीठ, कोंबड्यांच्या खाद्यात घातलेलं. जातीचं नाव माहीत नसतं तर चार देशांत चार वेगळे जुलाब, एवढंच कागदावर राहिलं असतं.

आणि आपल्याकडे? याच घराण्यातला सगळ्यात खतरनाक भाऊ म्हणजे टायफॉइड. हा फक्त माणसात राहतो, माणसाच्या घाणीतून पाण्यात येतो. पावसाळ्यात ताप आला की आपण लॅबमधून विडाल करून आणतो. ही तपासणी फर्नां विडालने पॅरिसमध्ये 1896 साली काढली. टिळकांवरचा राजद्रोहाचा पहिला खटलाही त्यानंतरचा! तिच्यात जंतू सापडत नाही, रुग्णाच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं दिसतात. जिथे टायफॉइड कायमचाच आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती असू शकतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन आकडा चौपट झाला का ते बघायचं, असा नियम. दुसरा नमुना कोण देतो?

भरवशाची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात, आणि तरी काही रुग्ण त्यातून निसटतात, हे खरं. पण जंतू हातात येतो तो तिथेच. मग त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते कळतं. दोन पेठांतले रुग्ण एकाच फुटलेल्या पाइपलाइनचे आहेत का, हेही शोधता येतं. जाती ओळखणारं राष्ट्रीय केंद्र आपल्याकडे कसौलीला आहेच की. पण विडालच्या रिपोर्टमधून कसौलीला पाठवणार काय? कागद?

नवी मुंबईने 2018 मध्ये वेगळं काहीतरी केलं. 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना महापालिकेने टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस फुकट दिली, पहिल्या टप्प्यात 1 लाख 13 हजारांहून जास्त मुलांना. सरकारी पातळीवर देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. शहरातल्या निम्म्या आरोग्य केंद्रांच्या भागात आधी लस दिली आणि दोन्हीकडचे रुग्ण कल्चर करून मोजले, म्हणून लसीचा फायदा आकड्यांत दाखवता आला. विडालवर मोजले असते तर वाद घालायलाही आधार नव्हता.

ही लस फक्त टायफॉइडवर चालते. पॅराटायफॉइड, पूना आणि बाकीच्या भावकीवर नाही.

पुढच्या पावसाळ्यात पेपरात ‘शहरात टायफॉइडचे इतके रुग्ण’ अशी बातमी आली, की महापालिकेच्या आरोग्य खात्याला एवढंच विचारा: यातले कल्चरचे किती आणि विडालचे किती?