हिट्स, कौल आणि मामाचं दुकान

मागच्या महिन्यात नगरला गेलो होतो. कापडबाजारात मामाचं छोटंसं दुकान आहे, त्याची साइट मीच करून दिलीय. चहा आला आणि मामानं विषय काढला, "दिवाळीच्या जाहिरातीनं हजारभर लोक साइटवर येऊन गेले म्हणतोस. मग परत एकही कसा फिरकला नाही रे?"

जाहिरातीचे पैसे माझ्याच सांगण्यावरून गेले होते. काय बोलणार! पण परतताना एसटीत वाटलं, माणसं आणायची आणि टिकवायची, हे कोडं या गावाला नवीन नाही.

१४९० साली मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी फौज हरवली आणि १४९४ मध्ये तिथंच सीनेकाठी शहर वसवायला घेतलं. जागा अचूक निवडली. राजधानी जुन्नर, डोळा दौलताबादवर, आणि भिंगार साधारण मध्यावर. म्हणजे वाटेवरचं ठिकाण. पण वाटेवर माणूस मुक्काम करतो आणि पुढं जातो. त्याला राहायचं तर पाणी हवं. म्हणून निजामशाहीत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं.

पुढं मराठेशाहीत तर याची रीतच होती. नवी पेठ वसवायची म्हणजे सरकार कौल द्यायचं: या, दुकान घाला, काही वर्षं कर माफ. आजच्या भाषेत इंट्रोडक्टरी ऑफर! पण कौलाची मुदत संपली की व्यापारी गाशा गुंडाळून दुसऱ्या पेठेत जाऊ शकत होता. म्हणून शेटे-महाजन असायचे. व्यापारी बोलावून आणायचे, पेठ नांदती ठेवायची, हे शेट्याचं काम. त्याचं वतन आणि हक्क त्या पेठेशीच बांधलेले. पेठ ओस पडली तर त्याचंही नुकसान. हा भाग मला फार आवडला. माझं तसं काय होतं? हिट्स मोजून मी मोकळा.

आणि ज्यांचं नाव २०२४ मध्ये या शहराला मिळालं, त्या अहिल्याबाई! जन्म १७२५, जामखेड तालुक्यातलं चौंडी. त्यांनी महेश्वरला राजधानी केली, बाहेरून विणकर आणवले, त्यांना घरं दिली, आणि मुख्य म्हणजे दरबारानं त्यांचं कापड घेतलं. विणकर राहिले ते हाताला काम होतं म्हणून. पुढं राजाश्रय आटला, तशी मागावरची माणसं कमी होत गेली. १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्या मंडळींनी रेहवा सोसायटी काढून विणकरांना पुन्हा नियमित काम द्यायला सुरुवात केली. घरं देऊन माणूस येतो, पण काम थांबलं की जातो.

असो. मामाच्या साइटवरून मी ते नाचणारं 'सुस्वागतम' काढून टाकलंय. आता तिथं किमती आहेत, शिल्लक माल आहे, फॉल-पिको किती दिवसांत मिळेल ते आहे. दर शनिवारी नवा माल चढवायचं मी कबूल केलंय. आणि ज्यांनी एकदा साडी नेली, त्यांना मामा स्वतः फोन करणार आहे.

पुढची जाहिरात मात्र माझ्या खिशातून. शेट्याचंही थोडं नुकसान व्हायला हवं ना!