चकाकीचा हिशेब : मोटारीच्या रंगावरील ओरखड्यांचा इतिहास

उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीकडे जवळून पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. पाहणारा दोन पावले सरकला की जाळेही त्याच्याबरोबर सरकते. ही वर्तुळे बहुतांशी दृष्टीचा खेळ आहेत. रंगावर हजारो बारीक रेघा वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात; त्यांपैकी प्रकाशाच्या वाटेला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात आणि डोळा त्यांना गोलाकारात जुळवून घेतो. ‘फडके गोल फिरवू नका, सरळ पुसा’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. फडक्यावर धुळीचे कण असतील, तर ते सरळ पुसतानाही ओरखडतातच.

हे ओरखडे घालवायचे म्हणजे नेमके काय करायचे? याचे उत्तर मोटारीहून दोनशे वर्षे जुने आहे. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटनने काचेच्या पॉलिशबद्दल लिहिले. घासणारी पूड कितीही बारीक असली तरी ती काचेला ओरखडूनच झिजवते, कण जितके लहान तितके ओरखडे लहान, इतकेच. असा त्याचा युक्तिवाद होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज बिल्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळे मत मांडले : घासताना पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर द्रवासारखा वाहतो आणि खाचा झाकून टाकतो. हे मत बराच काळ प्रतिष्ठित होते. पुढे मात्र पारडे पुष्कळसे न्यूटनकडे झुकले. मोटारीच्या रंगापुरते तरी गणित सरळ आहे. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत भोवतालचा सगळा रंग उतरवला जातो. प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडा रंग कायमचा गमावणे. ही झीज कोणी सोसायची, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांच्या पद्धतीने रंगवल्या जात. तेलाचे आणि व्हार्निशचे थर ब्रशने चढवायचे, प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबायचे, घासायचे, पुन्हा थर द्यायचा. एका गाडीला दोन ते चार आठवडे लागत. वरचे थर प्युमिस दगडाची पूड आणि पाणी घेऊन हळुवार घासले जात. खालच्या थरांत मात्र पांढरे शिसे असे आणि ते पुष्कळदा कोरड्या सँडपेपरने घासले जात. उडणारी धूळ कामगाराच्या श्वासातून शरीरात जाई. अमेरिकेत औद्योगिक आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१३ साली रंगाऱ्यांच्या व्यवसायावर सरकारी अहवाल लिहिला. शिसेयुक्त रंग कोरडा घासणे हा या धंद्यातला एक मोठा धोका आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. धनिकाच्या गाडीची आरशासारखी बाजू दिसते, तेव्हा ती घासणाऱ्याचा आकडी येणारा पोटशूळ आणि लुळे पडलेले मनगट दिसत नाही. शिसेबाधेची लक्षणे मात्र हीच होती.

उपाय होता तो ओले घासण्याचा. पण त्या काळचा सँडपेपर पाण्यात टिकत नसे, कारण कण चिकटवणारा सरस पाण्यात विरघळे. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी या शाई-व्यावसायिकाने पाण्यात टिकणारा कागद तयार केला आणि १९२१ साली मिनेसोटातील ‘थ्री-एम’ कंपनीने तो ‘वेटऑरड्राय’ या नावाने बाजारात आणला. मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला. धूळ कमी झाली आणि घासलेला पृष्ठभागही अधिक गुळगुळीत येऊ लागला. आपल्याकडच्या गॅरेजांत ‘वॉटर पेपर’ म्हणून जो करडा-काळा कागद बादलीत भिजत पडलेला असतो, तो याच कुळातला.

त्याच सुमारास रंगही बदलला. पहिल्या महायुद्धात धूररहित बंदुकीच्या दारूसाठी ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे प्रचंड उत्पादन केले होते. शांतता आल्यावर त्या रसायनाला नवे काम हवे होते. १९२०च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथे नायट्रोसेल्युलोजचे एक मिश्रण उन्हात राहून गेले आणि अनपेक्षितपणे पातळ झाले. पातळ म्हणजे फवारता येणारे, आणि फवारता येत असूनही भरपूर रंगद्रव्य पेलणारे. त्यातून ‘ड्यूको’ हा रंग जन्मला. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत प्रथम झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ पासून केवळ काळ्या रंगात निघत होत्या. १९२६च्या मॉडेलपासून फोर्डलाही पुन्हा रंगांकडे वळावे लागले.

(या रंगांना इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात. शब्दाचा माग काढत गेले, तर पोर्तुगीजांमार्गे तो संस्कृतातील ‘लाक्षा’ म्हणजे लाखेपर्यंत पोहोचतो. सावंतवाडीच्या लाखकामाचा आणि डेट्रॉइटच्या फवाऱ्याचा निदान शब्दापुरता तरी गोत्रसंबंध आहे.)

ड्यूको झटकन सुके, पण फवाऱ्यातून उतरलेला थर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत आणि मंद दिसे. तो घासून चकाकवावा लागे, म्हणजे घासणाऱ्याची सुटका झालीच नाही. शिवाय उन्हात हा रंग पुढे भुकटीसारखा फिका पडे. आता फडके मालकाच्या हाती आले. मेलेला थर घासून काढायचा आणि वर मेण चढवायचे, ही अमेरिकेतील मोटारमालकांची नेहमीची मेहनत झाली. ‘सायमोनाइझ’ या पॉलिशचे नाव तर तिथे चक्क क्रियापद बनले. गाडीचा रंग फडक्यावर उतरलेला दिसे आणि काम होत असल्याची खात्री पटे. प्रत्यक्षात तेवढी गाडी कमी झालेली असे. कारखान्यात वाचवलेला वेळ मालकाच्या सुट्टीच्या दिवसांतून वसूल केला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेला धक्का दिला तो धातूसारख्या झळाळीच्या रंगांनी. त्यांत अॅल्युमिनियमचे पापुद्रे असतात. ते घासले की कापले जातात आणि रंगावर डाग दिसू लागतात. म्हणून खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक ‘क्लिअर कोट’, ही रचना १९८०च्या दशकात सर्रास झाली. फडक्यावर रंग उतरणे थांबले. ओरखडे मात्र अधिक जाणवू लागले, कारण गडद रंगावरच्या नितळ थरात प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे प्रकाश फाकते.

हा पारदर्शक थर साधारणपणे चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे कामही त्याच्याचकडे असते. तो फार झिजला, की काही वर्षांनी छपरावर आणि बॉनेटवर तो पांढुरका होऊन पापुद्र्यांनी सुटू लागतो. मग कोणतेही पॉलिश चालत नाही, पुन्हा रंगवणे हाच उपाय उरतो. म्हणूनच जाणकार कारागीर मशीन हाती घेण्याआधी जाडीमापक लावून पाहतो आणि खोल ओरखडा दिसला, तर तो पूर्ण न काढता केवळ त्याच्या कडा बोथट करून थांबतो.

महाराष्ट्रातल्या गॅरेजांत आणि सुतारांच्या कारखान्यांत फवाऱ्याने मारलेल्या रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात. डब्यावरचे नाव बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असते.